खालचा पाईप

दाजी,

परवा तुमची जीप चालू केली. पहिल्याच चावीला लागली. चार आठवडे शेडमध्ये उभी होती, बॉनेट उघडं, रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला, बॅटरीची वायर सुटी. मला वाटलं होतं त्रास देईल, ढकलावी लागेल. पण लगेच लागली, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. सीट तुमच्या उंचीला मागे सरकवलेली. माझे पाय ब्रेकला नीट पोचत नव्हते. सीट पुढे घ्यायला हात खाली नेला आणि तसाच परत वर आणला. शेवटी पाठीशी उशी लावून चालवली.

तुम्ही गेल्यापासून घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं, "कसं झालं?" मी सांगतो, घाटात गाडी तापली, झाकण उघडताना उकळतं पाणी अंगावर आलं, चौदा दिवस नगरला दवाखान्यात होते, शुगर होती, जखमा चिघळल्या. सगळं खरं आहे. माणसं मान हलवतात. कुणीतरी म्हणतं, एवढा मुरलेला ड्रायव्हर आणि तापलेलं झाकण उघडलं? त्याच्या आधीचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. गाडी तापली का? त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. तुमच्या कॉटशेजारी बसून दिवसचे दिवस मी ते तोंडात धरून ठेवलं. आता कागदावर सांगतोय, कारण आता तुम्ही मला काही म्हणू शकत नाही. हाही एक पळपुटेपणाच.

मी तिसरीत होतो तेव्हा अक्काचं तुमच्याशी लग्न झालं. त्या साली दसऱ्यानंतर आई-बापू नेहमीसारखे ऊसतोडीला निघाले. ट्रकवर भांडी चढली, शेळी चढली, मी चढलो. तुम्ही अक्काला घेऊन निरोपाला आला होता. नवे जावई, अंगावर लग्नातलाच शर्ट. तुम्ही ट्रकच्या फाळक्यापाशी आलात आणि बापूंना म्हणालात, "मामा, ह्याला हितं राहू द्या. शाळा बुडती त्याची." बापू म्हणाले, तुमच्यावर भार कशाला. तुम्ही हात वर केले आणि मला काखेत धरून खाली उतरवलं. मी रडत होतो. सहा महिन्यांसाठी उतरवलेला मी पुढं तुमच्याच घरी वाढलो. तुम्हाला आणि अक्काला मूल झालं नाही. त्यावरून गावात जे काय बोललं गेलं, ते तुम्ही माझ्या कानावर येऊ दिलं नाही. अक्काच्या कानावर आलंच असेल.

नगरच्या आयटीआयला अर्ज भरायला तुम्हीच नेलं. "ड्रायव्हर हू नको," म्हणालात. "गाडी चालवणाऱ्याला गाडी दुसरा दुरुस्त करून देतो. तू तो दुसरा हो." मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलो आणि पाथर्डीच्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. पहिल्या दिवशी नारळ फोडला आणि दुपारपर्यंत एकही गाडी आली नाही. मग तुमची जीप आली, पट्टा चर्र चर्र ओरडत होता. तुम्ही खाली उतरून म्हणालात, "पाव्हणं, फॅनबेल्ट सैल झालाय, बघता का जरा?" त्या दिवसापर्यंत मी 'दत्तू' होतो, 'अरे-तुरे' होतो. त्या क्षणापासून 'पाव्हणं' झालो, 'तुम्ही' झालो. मी बेल्ट ताणून दिला. नट पाहिला तर त्याच्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. पहिलं गिऱ्हाईक व्हायचं म्हणून तुम्ही घरूनच बेल्ट सैल करून आला होता. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. हे एक गुपित मी चांगल्या मनानं राखलं. दुसऱ्या गुपिताविषयी तसं म्हणता येत नाही.

आपलं भांडण सगळ्या पाथर्डीला माहीत होतं. थर्मोस्टॅटचं. तुम्ही त्याला कायम 'वॉल' म्हणायचात. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरायचं आणि गरम झालं की उघडून रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम. तुमचं म्हणणं, आपल्या मुलखात थंडी कुठली, ऊनच बारा महिने. पाणी अडवायचंच कशाला? "काढून फेका तो वॉल. घाटाच्या गाडीला नडतो." तुमच्या पिढीच्या सगळ्या ड्रायव्हरांनी तो काढून फेकलेलाच होता. माझं म्हणणं, बनवणाऱ्यानं ठेवलाय तर कामासाठी ठेवलाय. थंड इंजिन पळवलं की झिजतं, डिझेल जास्त खातं. तुम्ही म्हणायचात, पुस्तकातली गाडी वेगळी आणि घाटातली वेगळी. मी म्हणायचो, मग आयटीआयला कशाला घातलंत? मग अक्का आतून ओरडायची, "त्यो वॉल एकदा माज्या पुढ्यात आना, चुलीतच घालते." आणि आपण दोघं हसत जेवायला बसायचो.

शिवरात्रीनंतर तुम्ही जीप आणलीत. म्हणालात, "उन्हाळा लागायच्या आत सगळं पाणी-बिणी साफ करून द्या. कौसाबाईंची ट्रीप चुकवून चालत न्हाई."

कौसाबाई म्हणजे आपल्या शेजारच्या वस्तीवरच्या. जन्म ऊसतोडीत गेला, आणि म्हातारपणी दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी नगरला डायलिसिस. साडेअकराला मशीनवर नंबर. तुम्ही दीड वर्ष त्यांना आणि त्यांच्या सुनेला, मंगलला, नेत-आणत होता. मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली असायची. परतताना त्यांना मळमळायचं म्हणून तुम्ही तंबाखू खायचा नाहीत. जाता-येता तोंड कोरडं ठेवून गाडी चालवायचात. हे मला मंगलकडून आता कळलं.

तर त्या दिवशी मी रेडिएटरचा खालचा कॉक उघडला. गंजाचं तांबडं पाणी आलं, खाली चिखलासारखा गाळ. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरला होता. नळी लावून स्वच्छ पाणी सोडलं, इंजिन चालू करून फिरवलं, परत सोडलं. तीनदा. तिसऱ्या वेळी पाणी असं आलं की तुम्ही ओंजळीत घेऊन बघितलंत. वरचा होज पाईप कडक झालेला, क्लिपपाशी बारीक भेगा. तो ब्लेडनं कापून काढला, नवा घातला, नव्या क्लिपा आवळल्या. एक छोटा पाईप होता तोही बदलला. थर्मोस्टॅट नवा टाकला आणि तुम्ही अपेक्षेप्रमाणे तोंड वाकडं केलंत.

मग खालचा पाईप. रेडिएटरच्या बुडातून पाणी ओढून इंजिनात नेणारा. मी वाकून आत हात घातला आणि तो दाबून पाहिला. कडक नव्हता. लिबलिबीत नव्हता. भेग नाही, ओल नाही, फुगवटा नाही. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"एवढं खोललंच हाय तर त्यो बी टाका की नवा," तुम्ही म्हणालात.

"चांगला हाय तो, दाजी. वर्षभर जाईल."

"बगा बरं."

"बघितलाय. हाताला कळतं मला."

हाताला कळतं मला. तुम्ही मान डोलावली आणि बाकावर जाऊन बसलात. समोरच्या दुकानात तो पाईप होता. रस्ता ओलांडायचा होता फक्त. शिवाय घाई नव्हती, दुसरी गाडी उभी नव्हती, जेवणाची वेळ झाली नव्हती. मी खूप शोधलं, दाजी, एखादं कारण सापडतंय का. सापडलं नाही. मला खात्री होती, एवढंच. चौदा वर्षांत हाताला कळत आलं होतं, आणि तुम्ही सांगताय म्हणून बदलायचा हे मनाला पटत नव्हतं. वॉलच्या भांडणातली ती खुमखुमी त्या पाईपात उतरली होती, असं आज वाटतं.

पाडव्याच्या सुमाराला तुम्ही दारावरून जाताना थांबलात. खिडकीतूनच म्हणालात, "घाटात जरा तापती आजकाल." मी ट्रॅक्टरखाली होतो. खालूनच म्हणालो, "ऊन वाढलंय दाजी. पाणी बघत जा." तुम्ही "बरं" म्हणून गेलात. जीपची चाकं सोडून त्या दिवशी मी तुमचं काही पाहिलं नाही. ट्रॅक्टरखालून बाहेर यायला मला किती वेळ लागला असता?

त्या शुक्रवारचं मंगलनं सांगितलं ते असं. करंजीच्या घाटात अर्ध्यावर गाडी उकळली. तुम्ही बाजूला घेतली, चाकाला दगड लावला, कौसाबाईंना एका लिंबाच्या सावलीला गोधडीवर बसवलं. दहा वाजून गेले होते. त्यांच्या पायांना सूज होती, धाप लागलेली. मधल्या दिवसात पाणी जास्त प्यायलं गेलं होतं, त्यामुळं त्या दिवशी मशीन चुकवून चालणार नव्हतं. एक बस आली. हात केल्यावर थांबली, पण पायरीपर्यंत माणसं लोंबकळत होती. कौसाबाईंना वर चढवणं जमेना. बस गेली. एक मोटारसायकलवाला थांबला आणि गेला. तुम्ही दोनदा बॉनेट उघडून बघितलंत, दोनदा मागं आलात.

गाडी तापली तर काय करायचं, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी नववीत असताना, घोडेगावच्या बाजाराला बैल बघायला गेलो होतो तेव्हा. गाडी उकळली आणि मी उतरून धावत झाकणाकडे गेलो. तुम्ही मागून कॉलर धरून ओढलंत, इतकं जोरात की शर्टाची दोन बटणं तुटली. मग रस्त्याच्या कडेला बसवून सांगितलंत, "आधी तंबाखू मळायची. मग खायची. मग ती थुकायची. मग झाकण. न्हाईतर तोंडाचं कातडं हातात येतं." आपण तिथे पाऊण तास बसलो होतो. बाजार उठून गेला.

कौसाबाईंसोबत तुमच्या खिशात तंबाखूही नव्हती.

मंगल म्हणाली, "मी म्हणलं बी, काका, थोडं थांबा. ते म्हणले, मावशीकडं बग. थांबायचं कसं?" तुम्ही बारदान चौपट घडी करून झाकणावर धरलंत, तोंड बाजूला केलंत आणि हळूच पीळ दिला. झाकण हातातून उडालं. तिला आधी तुमचा आवाज आला नाही, वाफेचाच आवाज आला. मग दिसलं की तुम्ही खाली बसला आहात आणि शर्टाची बटणं काढायचा प्रयत्न करताय, आणि बोटं ऐकत नाहीत. चेहऱ्याची उजवी बाजू, मान, छाती, दंड.

एक टेम्पो थांबला. त्यात तिघं बसलात. तुम्ही टेम्पोवाल्याला म्हणालात, "आधी मावशीला मशीनवर सोड. त्यांचा नंबर हाय." मंगल ओरडली, तुमच्याकडं बघा आधी. तुम्ही ऐकलं नाही. साडेअकराला कौसाबाई मशीनवर होत्या. पावणेबाराला तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात.

मला बाराला फोन आला.

तिसऱ्या दिवशी मी घाटातून जीप ओढून आणली. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन आठवडे लागतील, पण शुगर आटोक्यात आली तर होतील बरे. त्या भरवशावर मी गॅरेजला गेलो. हातांना काम पाहिजे होतं. आधी थर्मोस्टॅट काढला. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात सोडला. पाणी तापलं तसा तो नीट उघडला, जसा उघडायला पाहिजे तसा. दाजी, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगतो. आनंद झाला. मी जिंकलो. तुम्ही तिकडे कातडी सोलून पडलेले, आणि मी इकडे पातेल्यापुढे उकिडवा बसून एक क्षणभर जिंकलो.

मग खालचा पाईप काढला. बाहेरून तसाच, कुठे भेग नाही. उजेडाकडे धरून आत बघितलं तर उजेड दिसेना. बोट घातलं. आतला रबराचा पदर सुटून जिभेसारखा लोंबत होता. गाडी जागेवर चालू असताना पाणी त्याच्या कडेनं जातं, कळत नाही. घाटात रेस वाढली की पंप जोरानं ओढतो, आणि ती जीभ आत ओढली जाऊन वाट बंद करते. वरून दाबून ते कळणारच नव्हतं. आतून बघायला पाईप काढायला लागला असता. दोन क्लिपा ढिल्या करायच्या होत्या.

सहाव्या दिवशी तुम्ही जरा बरे होता. अक्का खाली चहाला गेली होती. तुमचा एक डोळा उघडा होता. त्यानं माझ्याकडे बघत तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, गाडी बगितली?"

"बघितली."

"वॉलच आसंल."

मी पाण्याची बाटली हातात घेतली, झाकण लावलं, परत काढलं. सांगायचं होतं. शप्पथ, वाक्य तयार होतं.

"व्हय दाजी," मी म्हणालो. "वॉलच हुता. अडकला हुता."

तुमच्या सुजलेल्या ओठांना हसणं जमत नव्हतं तरी तुम्ही हसलात. "म्हणलं न्हवतं म्या? किती वर्सं सांगतोय." आणि मग थोड्या वेळानं, माझं तोंड बघून असेल, म्हणालात, "जाऊ द्या. नवा माल आजकाल आसाच येतो. तुमचा काय दोस त्यात?"

नंतर अक्का आली तिला सांगितलंत, नर्सला सांगितलंत, बघायला आलेल्या गावातल्या माणसांना सांगितलंत, "पाव्हण्यानं कबूल केलं. वॉलच." आठवडाभर त्या खोलीत तुमच्या तोंडून ऐकलेली आनंदाची गोष्ट तेवढी एकच. मी स्वतःला समजावत होतो की आजारी माणसाला जिंकू दिलं. तसं थोडं होतंही. पण पाईपाचं नाव निघालं नाही म्हणून मी सुटलो होतो, हे त्याहून जास्त होतं. जे मी केलंच नव्हतं त्याची तुम्ही मला माफी दिलीत. जे केलं होतं ते तसंच राहिलं. रोज ठरवत होतो, उद्या बोलू. दहाव्या दिवशी ताप चढला. बाराव्या दिवसापासून तुम्ही मला ओळखेनात. चौदाव्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

अग्नी मीच दिला. माणसं म्हणाली, मुलाच्या जागी हा, ह्याचाच मान. मडकं खांद्यावर घेऊन फिरलो, आणि माझ्या हातांकडं बघवेना. पाईप दाबून पास केलेला तोच हात.

तेरावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगल दारात आली. मधल्या दिवसांत त्यांनी मिळेल त्या गाडीनं कौसाबाईंना नेलं होतं, एक फेरी चुकलीही होती. मंगल काही मागत नव्हती, नुसती उभी होती. अक्का आतून बाहेर आली. पांढरंफटक तोंड, डोळे कोरडे. मला म्हणाली, "दत्तू, गाडी दुरुस्त कर. मंगळवार-शुक्रवार आता तू न्यायचं त्यास्नी."

मग ती गॅरेजवर येऊनच बसली. तुमच्या बाकावर. मी परत सगळं केलं. पाणी काढलं, आतून धुतलं, रेडिएटर बसवला. तिन्ही पाईप नवे, सगळ्या क्लिपा नव्या. बोअरचं पाणी टाकलं नाही, कूलंट भरलं. ती बघत होती. काढलेला जुना पाईप मी जपून ठेवला होता, उभा चिरून. तो कपाटाच्या फळीवर होता. तिची नजर गेली.

"त्यो काय?"

मी टाळू शकलो असतो. भंगार म्हणालो असतो तर तिला पटलं असतं. मी पाईप तिच्या हातात दिला आणि सांगितलं. सगळं. तुम्ही बदला म्हणालात ते, मी नको म्हणालो ते, ट्रॅक्टरखालचं, पातेल्यातलं, आणि कॉटशेजारचं.

तिनं पाईपाच्या चिरेत बोट घातलं आणि सुटलेला तो पदर वर उचलून धरला, खाली सोडला, परत उचलला. धुण्यातला फाटका कपडा बघावा तसं बघत होती.

"त्यांना सांगितलंस?"

"न्हाई."

"मग मला कशाला सांगतूस?"

ती उठली. पाईप माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळून बघितल्याशिवाय म्हणाली, "तुजं तोंड मला आत्ता बगायचं न्हाई. मंगळवारी गाडी टायमाला आन."

मंगळवारी नऊला मी गाडी लावली. अक्का बाहेर आली नाही. कौसाबाई आणि मंगल मागं बसल्या. करंजीचा घाट लागला. अर्ध्यावर आल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "दत्तू, दोन मिनटं थांब."

मी थांबवली. त्या खाली उतरल्या नाहीत. खिडकीतून त्या लिंबाकडं बघत राहिल्या. त्याच्या बुडाशी चाकाला लावलेला दगड अजून पडलेला होता.

"माज्यापायी गेला रे त्यो," त्या म्हणाल्या. "म्या म्हणायला पायजे हुतं, ऱ्हाऊ दे आजच्या दिवस. मला काय, आज न्हाईतर उद्या जायचंच हाय. पर जीव भ्यायला माजा. म्या गप बसले. त्यो माज्याकडं बगत हुता अन् म्या गप बसले."

मंगलनं त्यांचा हात धरला. त्या महिनाभर हे घेऊन मशीनवर झोपत होत्या, दाजी. एकट्या, चार-चार तास, छताकडे बघत.

"मावशी, तुमच्यामुळं न्हाई," मी म्हणालो. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही, समोरच्या काचेकडे बघूनच बोललो. "पाईप खराब हुता. दाजी म्हणले हुते बदल. मी बदलला न्हाई."

एक ट्रक भोंगा वाजवत वळणावरून खाली गेला. मग कौसाबाई म्हणाल्या, "गाडी चालू कर. नंबर गाठायचा हाय."

त्या अजून माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. पण परतताना त्यांनी मंगलच्या मांडीवर डोकं ठेवून झोप काढली. मंगल म्हणाली, तुम्ही गेल्यापासून गाडीत त्यांचा डोळा लागलेला तिनं पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्यांना वस्तीवर सोडून गाडी तुमच्या दारात आणली. अक्का ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मी इंजिन बंद केलं, चावी तिच्यासमोर ठेवली आणि निघालो.

"दत्तू," तिनं हाक मारली. सुपातून नजर काढली नव्हती. "घाटात तापली का?"

"न्हाई."

"जराबी न्हाई?"

"न्हाई अक्का. भर उन्हात नेली, भर उन्हात आणली. जराबी न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं. उठून गाडीपाशी आली आणि बॉनेटवर तळहात टेकवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतात तसा. किती तरी वेळ तशीच उभी होती. तिच्या ध्यानात काय आलंय ते मला दिसत होतं, कारण दिवसभर घाट चढताना आणि उतरताना तेच माझ्या ध्यानात येत होतं.

"एवढंच हुतं व्हय," ती म्हणाली.

आणि आत गेली. दार लावलं नाही, पण मला आतही बोलावलं नाही. मी अंधार पडेपर्यंत गाडीपाशी उभा होतो. शुक्रवारी परत नऊला जायचं आहे.